एप्रिलमध्ये लागलेला स्टीलहेड समर-रन की विंटर-रन, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की वॉशिंग्टन राज्यातल्या कलामा नदीत एप्रिलअखेर चांदीसारखा लखलखीत स्टीलहेड मासा लागला, तर तो समर-रन (उन्हाळ्यात नदीत शिरणारा) म्हणायचा की विंटर-रन (हिवाळ्यात शिरणारा). मी पोर्टलंडला राहतो, कलामावर गळ घेऊन जाणं नेहमीचं. नुसत्या रंगावर जाऊ नका. लखलखीत म्हणजे मासा नुकताच समुद्रातून आलाय, एवढंच. अंगाला समुद्री उवा चिकटलेल्या असतील तरी अर्थ तोच, कारण गोड्या पाण्यात त्या काही दिवसांत गळून पडतात.

दोघंही एकाच जातीचे, समुद्रात जाऊन परत येणारे रेनबो ट्राउट. विणतात दोघंही ढोबळमानाने हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून वसंतापर्यंत. नाव पडलंय ते नदीत शिरण्याच्या हंगामावरून. विंटर-रन साधारण नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये शिरतो, तोही पिकून. कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे गाबोळीने भरलेले येतात ना, तसा. आला, विणला, निघाला. समर-रन मे ते ऑक्टोबरमध्ये येतो तो कोवळाच. मग गार पाण्याच्या खोल डोहात महिनोन्‌महिने बसून राहतो, खातो अगदी थोडं, अंगातल्या चरबीवर दिवस काढतो आणि पुढच्या विणीच्या हंगामापर्यंत थांबतो.

त्यामुळे जानेवारीत ओळखणं सोपं. तेव्हा मिळालेला काळपट, गालावर आणि कुशीवर लाल पट्टा उमटलेला, अंगाने उतरलेला मासा बहुधा गेल्या उन्हाळ्यापासून नदीत मुक्कामाला असलेला समर-रन. त्याच डोहातला चकचकीत, भरल्या पोटाचा मासा विंटर-रन. अर्थात विंटर-रनही विणीच्या तोंडावर रंगतोच, म्हणून तारीख आणि रंग जोडीनेच बघायचे.

खरी गंमत एप्रिल-मेमध्ये, कारण तेव्हा विंटर-रनचे शेवटचे मासे आणि समर-रनचे पहिले मासे एकाच पाण्यात असतात. त्यात तिसरा घोळ घालतो तो विणून परत समुद्राकडे निघालेला मासा. पॅसिफिक सॅमन विणून मरतात, स्टीलहेडमधले काही वाचतात, आणि उतरताना त्यांना पुन्हा चांदीची झाक येते. हा ओळखायचा तो पोटावरून: पोट खपाटीला, डोकं अंगाच्या मानाने मोठं, शेपटीची खालची कड झिजलेली. मादीने त्या शेपटीनेच गोट्यांत खड्डा केलेला असतो. पोट टणक, मादीचा मागचा भाग गाबोळीने फुगलेला असेल तर विंटर-रन. अंग गोलसर, जाड पण पोट फुगलेलं नाही, खवले हाताला सुटून येतायत, शेपटी अर्धपारदर्शक, तर माझा कौल समर-रनला.

पक्की खूण पोटातच. समर-रनच्या गाबोळीच्या दोन बारीक पट्ट्या असतात, दाणे लहान आणि पडद्याला घट्ट धरून. विंटर-रनमध्ये ५-६ मिलिमीटरचे नारिंगी दाणे, विणीच्या सुमाराला तर अगदी सुटे. पण पोट फाडायचं ते फक्त हॅचरीच्या, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेल्या माशाचं, जिथे तो ठेवायला परवानगी असेल तिथेच. पाठीवरच्या पराच्या आणि शेपटीच्या मधला छोटा मांसल पर कापलेला असेल तर मासा हॅचरीचा. तो पर शाबूत असेल तर मासा रानचा समजा, आणि वॉशिंग्टनमध्ये सोडून द्यायचा स्टीलहेड पाण्याबाहेर पूर्ण उचलणंसुद्धा बेकायदा आहे. फोटो पाण्यातच काढा. (या कापलेल्या परावरून रन मात्र कळत नाही, हे लोक हमखास विसरतात.)

नदीही अर्धं उत्तर देते. कॅस्केड डोंगरांच्या पूर्वेला, म्हणजे डेशूट्स, जॉन डे, आयडाहोची क्लिअरवॉटर, इथले जवळजवळ सगळे स्टीलहेड समर-रन. किनाऱ्याच्या नद्यांत बहुतेक विंटर-रन. एक अपवाद ऑरेगनची सिलेट्झ. तिथल्या धबधब्याच्या वर समर-रन टिकून राहिला. हिवाळ्याच्या लोंढ्यात जो धबधबा चढणं कठीण, तो आधीच्या बेताच्या पाण्यात पार करायचा, हाच या लवकर येण्याचा फायदा.

हा फरक सवयीचा नाही, रक्तातला आहे. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की लवकर येण्याचा संबंध जनुकसंचातल्या ग्रेब-१-एल या जनुकाजवळच्या एका छोट्या भागाशी आहे. त्यामुळे तुमच्या माशाचा खवला किंवा पराचा तुकडा तिथल्या जीवशास्त्रज्ञांकडे गेला, तर त्यांना माझ्यासारखा अंदाज करत बसावा लागणार नाही. तुमच्याकडे फोटो असेल तर तो टाका. पोट आणि शेपटी दिसत असली म्हणजे झालं.