गाडी मागतील, देऊ नकोस

बाळा,

तुझ्या स्टेटसवर भाईच्या वाढदिवसाचा फोटो पाहिला. मागे फ्लेक्स, पुढे केक, भाईच्या हातात कोयता आणि खांद्यामागून डोकावणारा तू. तुझ्या आईनंही तो पाहिलाय. ती काही बोलली नाही म्हणून मी लिहितोय.

तुम्हा पोरांच्या तोंडी पुण्यातला गुंड शरद मोहोळचं नाव फार. त्याची गोष्ट शेवटपर्यंत वाच. २००६ मध्ये पौड फाट्यावर टोळीप्रमुख संदीप मोहोळचा खून झाला, त्यानंतर शरदचं नाव वाढत गेलं. २०१२ मध्ये येरवडा जेलात कतील सिद्दिकी हा दहशतवादाचा आरोप असलेला कैदी मारला गेला, त्या खुनाच्या खटल्यातून शरद पुढे निर्दोष सुटला. बाहेर मान, गर्दी, पुढेपुढे करणारी माणसं. आणि ५ जानेवारी २०२४ला, त्याच्या लग्नाच्या वाढदिवशी, भर दुपारी सुतारदऱ्यात घराजवळच त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पोलिसांनी पकडलेला मुख्य आरोपी जेमतेम विशीचा, आणि तो मोहोळच्याच सोबत फिरणारा होता. अंगरक्षक, जेल, दरारा यातलं काही आड आलं नाही. पाठीशी उभ्या असलेल्या पोराला कोण अडवणार?

तू आज त्याच जागी उभा आहेस, म्हणून काळीज हलतं.

आता वकील म्हणून सांगतो, नीट ऐक. भाई तुला कोयता चालवायला लगेच सांगणार नाही. आधी म्हणेल, "गाडी दे रे तासभर." मग तुझ्या नावावरचं सिमकार्ड. मग एक पिशवी रात्रभर घरी ठेवायला. गुन्हा घडला की सीसीटीव्हीत तुझ्या गाडीचा नंबर दिसतो आणि पोलिस तुझ्या दारात येतात.

"माझ्यावर एकही केस नाही" म्हणून निर्धास्त राहू नकोस. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कडक कायदा, लावताना टोळीवर मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त चार्जशीट आहेत का, हे पाहतात. तुझी स्वतःची पहिलीच केस असली तरी तू अडकू शकतोस. जाणूनबुजून मदत केली एवढं सिद्ध झालं तरी किमान पाच वर्षं. चार्जशीटला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते, आणि जामीन सहजी होत नाही. तोवर भाईचा वकील भाईसाठी उभा असतो. तुझ्यासाठी आई दागिना मोडते. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात अशा आया मी रोज पाहतो. डबा घेऊन बसलेल्या असतात, पोराला नुसतं गाडीतून उतरताना बघायला.

तू वाईट नाहीस. घरी कुणी विचारत नाही आणि तिथे नावानं हाक मारतात, एवढंच झालंय, हे मला कळतं.

एकदम भांडून बाहेर पडू नकोस, त्यात धोका आहे. आधी गाडीची चावी घरी देऊन टाक, "वडील देत नाहीत" म्हणायचं. संध्याकाळी चौकात थांबणं बंद कर. माझ्या ऑफिसात बस, टायपिंगचं काम आहे, पैसेही देईन. कुणी धमकावलं तर त्याच क्षणी मला फोन कर, आपण दोघं मिळून पोलिस चौकीत जाऊ. सोमवारी साडेपाचला वाट पाहतो.

तुझा,
काका