संवेदन की संवेदना?

प्रश्न असा आहे: ‘कृत्रिम बुद्धिमत्ता व उपग्रह संवेदनेद्वारे चंद्रावरील संसाधनांचे व्यवस्थापन’ या शीर्षकात ‘संवेदना’ चालेल, की ‘संवेदन’ हवे?

‘संवेदन’च हवे. दोन्ही शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूचे. वेद आणि वेदना त्याच घरातले. पण मराठीत संवेदना असते ती सजीवाला. दाताच्या डॉक्टरांनी सुई दिली की हिरडीची संवेदना जाते. उपकरण करते ते संवेदन. हा व्याकरणाचा नियम नव्हे, कारण ‘गणना’, ‘रचना’ हे ‘-ना’वाले शब्दही क्रियाच दाखवतात. हा रूढीचा कौल आहे आणि मला तो मोलाचा वाटतो.

का, ते चांद्रयान-१ वरून कळेल. 2008 साली गेलेल्या या यानावर ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ हे नासाचे उपकरण होते. चंद्राला हात न लावता, शंभर-दोनशे किलोमीटरवरून त्याने परावर्तित प्रकाश टिपला. सुमारे 3 मायक्रॉन (मिलिमीटरचे तीन हजारांश) तरंगलांबीचा अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश चंद्राच्या जमिनीत शोषला जात होता. संवेदन एवढेच! त्यावरून तिथे हायड्रॉक्सिल (हायड्रोजन व ऑक्सिजनच्या एकेका अणूची जोडी) किंवा पाणी असावे, हे 2009 मध्ये माणसांनी काढलेले अनुमान. यानाशी संपर्क तुटून नऊ वर्षे झाल्यावर, त्याच नोंदींतून ध्रुवांजवळच्या कायम सावलीतल्या बर्फाचा पुरावा 2018 मध्ये मांडला गेला. टिपणे आणि जाणणे यांत इतके अंतर पडू शकते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम या मधल्या जागेत आहे. अंधाऱ्या विवरांच्या प्रतिमांमधला ‘गोंगाट’ (दाणेदार खरखरीला हा शब्द छान बसतो) गाळायला यंत्रशिक्षण (मशीन लर्निंग) वापरले गेले आहे. म्हणजे तीही संवेदन करत नाही, टिपलेले निवडते.

लांबून केलेल्या अशा संवेदनाला, म्हणजे ‘रिमोट सेन्सिंग’ला, ‘सुदूर संवेदन’ म्हणावे की ‘दूरसंवेदन’? नागपूरच्या केंद्राचे नाव ‘महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र’ आहे, तिथे ‘सुदूर’च लिहावे. एरवी मी ‘दूरसंवेदन’ लिहितो. मुद्दा फार लांबचा नाही, स्पर्श न करण्याचा आहे. शिवाय दूरध्वनी, दूरदर्शन यांच्या पंगतीत तो सहज बसतो.

खरी अडचण ‘व्यवस्थापन’ची आहे. चंद्रावरचे पाणी अजून कोणी काढलेले नाही, मग व्यवस्थापन कशाचे? मी शीर्षक असे लिहीन: ‘चंद्रावरच्या बर्फाचा शोध: दूरसंवेदन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता’.