तिसरीतल्या मुलाला वाचता येत नाही, तर तक्रारअर्जाआधी काय करावं

ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहितेय. मुलगा तिसरीत, मराठी माध्यम, शाळा दुपारच्या सत्राची, प्रगतिपत्रकात भाषेला ब-१, आणि घरी नवा उतारा समोर ठेवला की चौथ्या शब्दाला अडतो. बाई म्हणतात "घरी लक्ष द्या". तुम्ही दोघंही नोकरीवर, घरी पोचायला साडेसात-आठ. आणि शेवटी तुमचा प्रश्न: वॉर्डातल्या शिक्षण कार्यालयात तक्रार करू का? हेच दुखणं आमच्या घरात होऊन गेलंय, म्हणून उत्तर आधीच देते. आत्ता करू नका.

रोज शाळेत पाठवा, वह्या बघा वगैरे सांगत बसत नाही. ते तुम्ही करताच आहात.

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते असंच एक कार्यालय. नाव लिहीत नाही. पण तिथे अर्जाचं काय होतं ते सांगते, कारण खिडकीवर हे कोणी सांगत नाही. अर्जावर शिक्का बसतो. मग 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून तो मुख्याध्यापकांकडे खाली येतो. मुख्याध्यापक वर्गशिक्षिकेकडून लेखी खुलासा मागवतात. खुलाशात बाई स्वतःला वाचवणारंच लिहिणार, त्यांच्या जागी कोणीही तेच लिहील: विद्यार्थी अनियमित, गृहपाठ अपूर्ण, पालक सभेला गैरहजर. तो खुलासा वर जातो आणि प्रकरण निकाली निघतं. मूल कोणत्या अक्षरावर अडखळतं, हा प्रश्न त्या सगळ्या कागदांत एकदाही येत नाही. विचारायला गेलं की "साहेब राउंडला गेलेत", "फाइल टेबलावर आहे". यात पहिलं सत्र संपून दिवाळीची सुट्टी लागली. त्याहून वाईट गोष्ट वर्गात घडली. बाई मुलाशी जपून वागायला लागल्या. रागावणं बंद झालं, तसं उभं करून वाचायला लावणंही बंद झालं. ज्या मुलाला रोज मोठ्याने वाचायची गरज, त्याच्याच वाट्याला कोणी जाईना. बाईंचा मला तेव्हाही राग आला नाही. राग त्या कार्यालयाचा येतो, आजही येतो. एक अधिकारी शाळेत जाऊन पोराजवळ दहा मिनिटं बसला असता तर जे कळलं असतं, ते एवढ्या कागदांतून कळलं नाही.

काही गोष्टी मात्र थेट वरच न्यायच्या, त्यात वाट बघायची नाही. मारहाण किंवा मानसिक छळ (शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७), दाखला अडवून ठेवणं, प्रवेशासाठी देणगी मागणं. मुलाला इजा झाली असेल तर १०९८ वर फोन करा. वाचन हा त्या जातीचा प्रश्न नाही. तो बाई आणि तुम्ही मिळूनच सुटणार आहे.

आता ब-१ चं कोडं. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. तिसरी-चौथीला त्यात आकारिकला (वर्षभर चालणारं मूल्यमापन) ६० टक्के आणि संकलितला (सत्राच्या शेवटची परीक्षा) ४० टक्के भार. आकारिकमध्ये तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, वर्गातला सहभाग हे सगळं येतं. ज्या मुलाची स्मरणशक्ती चांगली, जो गप्पिष्ट आहे आणि ज्याची वही नीटनेटकी आहे, तो न वाचताही ब पर्यंत सहज पोचतो. पाठ्यपुस्तकातले धडे वर्गात इतक्यांदा होतात की मुलं ते डोळे मिटून म्हणतात. त्यामुळे बाई खोटं बोलत नाहीत आणि तुम्हीही चुकीचं बघत नाही आहात. दोघी वेगवेगळ्या गोष्टी मोजताय. पाचवीपर्यंत हे असंच झाकून राहतं. पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर पुनर्परीक्षा आणि तिथेही नाही जमलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. म्हणून तिसरीत हात घालायचा.

आधी घरीच मोजा. त्याने न पाहिलेला, दुसरीच्या पातळीचा उतारा घ्या. जुनं बालभारतीचं पुस्तक चालेल, पण त्याच्या वर्गात झालेला धडा नको. मोबाइलवर एक मिनिट लावा. बरोबर वाचलेले शब्द मोजा आणि चुकलेल्या शब्दांवर पेन्सिलने खूण करा. मधे सांगू नका, तीन सेकंद अडला तर "पुढचा वाच" एवढंच म्हणा. केंद्राच्या निपुण भारत अभियानात (२०२१) दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असं लक्ष्य आहे. माझं मत विचाराल तर मराठीत या आकड्याला घट्ट धरू नका. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात. 'दुकानाजवळच्या' हा आपला एकच शब्द, पण मुलाला तो सहा-सात अक्षरांचा डोंगर असतो. पंचेचाळीसच्या आसपास असेल तर घाबरायचं कारण नाही. वीस-पंचवीस असेल तर काम आहे.

आकड्यापेक्षा चुकांची जात महत्त्वाची. मात्रा गाळतो का, म्हणजे 'कोल्हा'चं 'काल्हा' करतो का? जोडाक्षराशी थांबतो का? पहिलं अक्षर बघून शब्द ठोकून देतो का ('पावसात'ला 'पाण्यात')? की वाचतो सगळं, पण शेवटी "काय वाचलंस?" विचारलं तर गप्प? चारही गोष्टींना उपाय वेगळा लागतो. आणि "घरी लक्ष द्या" यातून नेमकं काय करायचं हे कुणालाच कळत नाही, ते याच कारणाने. ऱ्हस्व-दीर्घ मात्र वाचनाच्या चुकांत धरू नका, तो लिखाणाचा विषय आहे, सावकाश येईल. दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग वेगळ्या उताऱ्यावर करा, कारण एका दिवसाचा आकडा फसवा असतो. आणि हो, डोळे तपासून घ्या, फळ्यावरचं उतरवताना शब्द गळत असतील तर सगळ्यात आधी. कानही तपासा.

मग पत्र. तक्रार नव्हे, पत्र. साधारण असं:

"मा. वर्गशिक्षिका, इयत्ता ३ री. विषय: वाचनाबाबत भेटीची वेळ मिळणेबाबत. आम्ही घरी न वाचलेला उतारा वाचून घेतला. एका मिनिटात २४ शब्द बरोबर आले, ८ चुकले. चुका मुख्यतः जोडाक्षरांच्या आणि मात्रांच्या आहेत. वाचून दाखवलेली गोष्ट त्याला समजते, प्रश्नांची उत्तरे देतो. आम्ही रोज २० मिनिटे घरी वाचन घेणार आहोत. वर्गात आपल्याला काय दिसते आणि आम्ही कुठून सुरुवात करावी, हे समजून घेण्यासाठी आपल्या सोयीने १५ मिनिटांची वेळ द्यावी. प्रत: मा. मुख्याध्यापक."

आकडे तुमचे घाला. यात एकही विशेषण नाही आणि 'दुर्लक्ष' हा शब्द नाही, हे मुद्दाम. आधी आम्ही काय करणार ते, मग आम्हाला काय हवं ते. दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्या. शाळेत लिपिक नसेल तर मुख्याध्यापकांची सही घ्या. अविश्वास म्हणून नाही. बाईंची बदली झाली किंवा त्या रजेवर गेल्या तर नव्या बाईंना दाखवायला हातात काहीतरी हवं, म्हणून. पालकांशी नियमित भेटून हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्येच लिहिलंय, पण पहिल्या पत्रात कलम टाकू नका. कलम दिसलं की समोरचा खुलाशाच्या भाषेत बोलायला लागतो.

भेटीची वेळ हा मुंबईतला मोठा घोळ आहे. दोन सत्रांच्या शाळेत सकाळची मुलं सुटतात आणि दुपारची आत शिरतात, त्या पंधरा मिनिटांत फाटकाशी बाईंना गाठणं म्हणजे काही न सांगता परत येणं. ओपन डेलाही तेच, मागे चाळीस पालक रांगेत. त्यात बाईंकडे बीएलओचं, म्हणजे मतदारयादीसाठी घरोघर माहिती गोळा करायचं, काम असेल तर त्या शाळा सुटल्यावर घरोघर फिरत असतात. (शिक्षकांना या कामाला जुंपण्याबद्दल मला खूप बोलायचं आहे, पण ते इथे नको.) शाळा सुटल्यानंतरची किंवा शनिवारची वेळ मागा आणि दोघांपैकी एकाने त्या दिवशी अर्धी रजा टाका. एवढी एक रजा सत्कारणी लागते.

भेटीत चारच गोष्टी ठरवा, जास्त नको. एक, तो कुठे बसतो, पुढच्या दोन बाकांवर घेता येईल का. दोन, रोज वर्गात त्याने मोठ्याने किती ओळी वाचायच्या. दोन ओळी पुरेत, पण रोज. सगळ्यांसमोर नको वाटत असेल तर बाईंच्या टेबलाशी. तीन, या आठवड्यात कोणती जोडाक्षरं घ्यायची, म्हणजे घरी आणि शाळेत एकच चालेल. चार, पुन्हा कधी भेटायचं, पंधरा दिवसांनी, तारखेसकट. मधल्या काळात कॅलेंडरच्या वहीत किंवा डायरीत बाईंनी फक्त बरोबर-चूक खूण करायची. लांब शेरे मागितलेत तर चौथ्या दिवशी बंद पडेल. साठ मुलांना दोन बाई आहेत की एकच, हेही विचारून घ्या. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवी मिळून ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक धरलेत. एकाच बाई असतील तर तुमची अपेक्षा त्या मानाने ठेवा, आणि तो मुद्दा शाळा व्यवस्थापन समितीकडे न्या (तिच्याबद्दल पुढे लिहिते).

घरच्या वीस मिनिटांचं गणित. तुमचं मूल दुपारच्या सत्रात आहे, म्हणजे रात्री आठला पेंगलेल्या पोराला बसवण्यापेक्षा सकाळी सातची वेळ घ्या. पाच मिनिटं एकाच जातीची जोडाक्षरं. पहिल्या आठवड्यात तेच अक्षर दोनदा येणारी: पक्का, कच्चा, अण्णा. दुसऱ्या आठवड्यात अर्धं अक्षर स्पष्ट दिसणारी: रस्ता, पुस्तक, बस्ता. 'र' सगळ्यात शेवटी, कारण त्याची रूपं मुलांना सगळ्यात जास्त छळतात: सूर्य, प्रकाश, राष्ट्र, दुसऱ्या. मग दहा मिनिटं एकच छोटा उतारा तीनदा. तिसऱ्यांदा वेग वाढतो आणि तो त्याला स्वतःला ऐकू येतो, तोच त्याचा उत्साह. शेवटची पाच मिनिटं तुम्ही वाचायचं, त्याने ऐकायचं. सुट्टीच्या दिवशी लोकलच्या प्रवासात स्टेशनांच्या पाट्या, बेस्टच्या बसवरची नावं, दुकानांचे फलक वाचायला लावा. शीव, भायखळा, चिंचपोकळी, विद्याविहार, जोडाक्षरांसकट सगळं फुकट मिळतं.

क्लासबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. गल्लीतल्या क्लासमध्ये गृहपाठ पूर्ण होतो, वही छान दिसते आणि बाईंना वाटतं मुलाला येतंय. म्हणजे बाईंकडे जाणारी खरी माहिती तुम्ही पैसे देऊन बंद करता. क्लास ठेवायचाच असेल तर तिथल्या ताईंना सांगा, गृहपाठ लिहून देऊ नका, वाचून घ्या. शाळेच्याच शिक्षकाकडे शिकवणी मात्र नाही, कलम २८ नुसार ती त्यांना करता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलाचं काहीही टाकू नका. तिथे "आमच्याकडेपण तेच!" असे वीस मेसेज येतात, कोणीतरी स्क्रीनशॉट शाळेत पाठवतं, आणि तुमचं पत्र पोचायच्या आधी तुमचं नाव पोचतं.

शाळा महापालिकेची किंवा अनुदानित असेल तर शाळा व्यवस्थापन समिती असतेच, त्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. विनाअनुदानित असेल तर पालक-शिक्षक संघ बघा. समितीत तुमच्या एकट्या मुलाचा विषय नेऊ नका. सगळ्यांचा न्या: वाचनालयाचं कपाट कुलपात का, वाचनाचा तास वेळापत्रकात आहे का, बाई रजेवर असताना वर्ग कोण घेतं. असे विषय इतिवृत्तात लिहून घेतले की ते टिकतात.

दोन भेटी झाल्या, दीड-दोन महिने घरी नेमाने झालं आणि आकडा हललाच नाही, तर पुढची पायरी तपासणीची. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदानाबद्दल काही बोलत नाही. अध्ययन अक्षमतेचं (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात सतत अडचण येणं) प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळतं, आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात किंवा नायरमध्ये ही तपासणी होते. नंबर लागायला वेळ जातो, म्हणून नाव लवकर घाला. जाताना प्रगतिपत्रकं, वह्या आणि तुमच्या त्या मिनिटभराच्या नोंदी तारखांसह न्या. शाळेचं पत्रही लागतं. बाईंशी बोलणं चालू असेल तर ते दोन दिवसांत मिळतं. खुलाशांचं युद्ध चालू असेल तर त्याच पत्रासाठी पुन्हा त्याच कार्यालयाच्या खिडकीवर उभं राहावं लागतं.

पत्र दोनदा देऊनही उत्तर आलं नाही, भेटही दिली नाही, तर महिन्याभराने वर जा, तेव्हा खुशाल कलम लिहा आणि दोन्ही पोचपावत्या जोडा. पण विषयात 'शिक्षिकेविरुद्ध तक्रार' नको, 'वाचनासाठी साहाय्य मिळणेबाबत' असं लिहा, म्हणजे खाली खुलासा मागवण्याऐवजी निदान काय मदत केली हे विचारावं लागेल.

आधी मिनिटभराची नोंद करून त्याच्या चुका इथे टाका, मुलाचं आणि शाळेचं नाव न देता. कोणत्या जातीच्या आहेत ते बघून घरी पहिल्या आठवड्यात काय घ्यायचं ते सांगते.