निवारा बंद होणार नाही, चेंबर मात्र साफ होईल

प्रश्न : नवी मुंबईत तुर्भ्याजवळच्या एका सेक्टरमध्ये आमची 64 सदनिकांची सोसायटी आहे. मागच्या गल्लीपलीकडे महापालिकेच्या जुन्या इमारतीत बेघरांसाठी निवारा सुरू झाला. दोन महिन्यांपूर्वी सर्वसाधारण सभेने बहुमताने ठराव केला : निवारा इथून हलवावा, गल्लीच्या तोंडाशी गेट लावून कुलूप घालावं, निवाऱ्यातल्या कुणाला घरकामाला ठेवल्यास सभासदाला हजार रुपये दंड. तिथल्या व्यवस्थापकाकडे सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स मागितल्या, त्याने दिल्या नाहीत. आता सभासद कोर्टात जायचं म्हणतात. मी सचिव आहे, ठरावाखाली सही माझी आहे, पण मन खात राहतं. निवारा बंद करता येईल का? आणि माझ्यावर काही येईल का?

उत्तर : ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. दावा लावलात तर वकिलाच्या फीशिवाय फारसं काही घडणार नाही, आणि हे मी वकील असूनच सांगतो.

हे निवारे कुणा नगरसेवकाच्या मर्जीने उघडलेले नसतात. 2001 च्या भोजन हक्काच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने पुढे बेघरांच्या निवाऱ्यांबाबतही आदेश दिले. केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानात 2013 पासून निकष ठरला : दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची कायम सोय, माणशी 50 चौरस फूट जागा. राज्यं हे काम नीट करत नाहीत म्हणून 2016 मध्ये न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. 2011 च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिका हद्दीची लोकसंख्या 11 लाखांवर होती. हिशेब तुम्हीच करा. ‘तळोज्याला न्या’ हा तुमच्या सभेतला मुद्दाही टिकत नाही, कारण निवारा माणसं जिथे काम करतात आणि झोपतात त्याच्या जवळ असावा, हे त्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. एपीएमसीत, म्हणजे तुर्भ्याच्या घाऊक बाजारात, रात्री गाड्या रिकाम्या करणारा माणूस झोपायला तळोज्याला कसा जाईल?

शेजारी कोण असावा हे ठरवायचा अधिकार सहकार कायद्याने सोसायटीला दिलेला नाही. तिचा ठराव तिच्या आवारापुरता. म्हणून आधी गेटकडे बघू. तुम्ही पाठवलेल्या फोटोत गेटचा हिरवा रंग अजून ओला दिसतो, आणि पलीकडे एक बाई पाण्याचा कॅन कमरेवर घेऊन उभ्या आहेत. ही गल्ली तुमच्या मालकीची आहे का? सिडकोच्या भाडेपट्टा कराराला जोडलेला नकाशा काढून भूखंडाची हद्द बघा. गल्ली हद्दीबाहेर असेल तर ती सार्वजनिक वाट झाली, आणि तिथलं गेट महापालिका अधिनियमाखाली आयुक्त नोटीस न देताही काढू शकतात. ज्यांची वाट अडली ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 खाली तक्रार करू शकतात : एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रारीत नाव कुणाचं येईल? कुलपाची किल्ली सचिवाच्या कपाटात आहे, एवढंच लक्षात घ्या.

हजाराचा दंडही तसाच पोकळ आहे. उपविधींचा, म्हणजे सोसायटीच्या नोंदणीकृत नियमांचा, भंग झाला तर नोटीस देऊन सभेपुढे दंड ठरतो, आणि स्वयंपाकाला बाई ठेवणं हा कुठल्याच उपविधीचा भंग नाही. सभासदाने बोलावलेल्या बाईंना वॉचमनने गेटवर अडवलं, तर तेच कलम 126 पुन्हा दारात येईल. आधारच्या प्रतींबाबत व्यवस्थापक बरोबर आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं नऊ न्यायमूर्तींनी 2017 मध्ये एकमताने सांगितलं आहे. पोलिसांना काही चौकशी करायची असेल तर ती पोलीस करतील, सोसायटीने झेरॉक्स जमवण्याचं कारण नाही.

ठराव रद्द करायला मात्र एक अडचण आहे. आदर्श उपविधींप्रमाणे सहा महिने उलटल्याशिवाय मागचा ठराव रद्द करणारा ठराव आणता येत नाही. तोवर कार्यकारिणीच्या बैठकीत नोंद घ्या : कायदेशीर सल्ल्यानुसार अंमलबजावणी थांबवली. गेट उघडा. ठरावाखाली तुमची सही आहे, तिच्यापुढे ही नोंद तुमच्या उपयोगी पडेल.

आता तुमच्या पत्राच्या शेवटी दोनच ओळींत आलेली गोष्ट. निवाऱ्याचं चेंबर तुंबून पाणी तुमच्या पार्किंगमध्ये येतं, आणि रात्री अकरानंतर तिथे टीव्ही मोठ्याने चालू असतो. ताई, खरी तक्रार ही आहे, आणि इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. पण महापालिकेकडे गेलेल्या अर्जात तुमच्या कमिटीने लिहिलं, ‘बेघरांमुळे परिसरात अस्वच्छता’. असा अर्ज फायलीत पडून राहतो. ‘अमुक इमारतीचं मलनिस्सारण चेंबर अमुक तारखांना तुंबलं’ असं लिहिलंत, फोटो जोडलेत, तर त्यावर अभियंत्याला शेरा मारावाच लागतो. सोबत दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका : निवाऱ्याची मंजूर क्षमता किती, आज राहतात किती, शौचालयं किती, देखभालीचा ठेका कुणाकडे. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. क्षमतेपेक्षा जास्त माणसं कोंबली असतील, तर चेंबर का तुंबतं ते कागदावर येईल, आणि त्या माणसांचीही सोय होईल. आवाजाचं म्हणाल तर निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण टीव्हीसाठी आधी व्यवस्थापकाला फोन करा, पोलीस ठाणं नंतर.

निवाऱ्याच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीला सोसायटीचा एक माणूस बोलवावा, अशी लेखी विनंती विभाग कार्यालयात द्या. हा तुमचा हक्क आहे असं मी म्हणणार नाही, मागणी म्हणून करा. बहुतेक अधिकारी खुशीने बोलावतील, त्यांनाही रोजची भांडणं नकोच असतात. अर्जाला चेंबरचा फोटो जोडाल, त्यासोबत उघड्या गेटचाही जोडा.