सीएसआय म्हणजे नेमकी कसली संस्था? मेंबरशिपचा नोकरीत उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजमध्ये सगळ्यांना कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाची म्हणजे सीएसआयची स्टुडंट मेंबरशिप घ्यायला सांगतायत आणि घरचे विचारतायत की हे सरकारी आहे का. तर नाही, सरकारी नाहीये, कॉम्प्युटर क्षेत्रातल्या माणसांनी मिळून चालवलेली संघटना आहे. मी पुण्यात बरीच वर्षं आयटीत आहे, स्वतः मेंबर होतो, पण इंटरव्ह्यूमध्ये मला कधी कोणी याबद्दल विचारलं नाही आणि मी ज्यांचे इंटरव्ह्यू घेतले त्यांना मीही विचारलं नाही.

गोंधळ कुठे होतो सांगतो. आपल्याला वाटतं सीएंची जशी इन्स्टिट्यूट आहे, वकिलांची बार कौन्सिल आहे, तसंच हे असणार. पण सीएंच्या मागे १९४९ चा कायदा आहे, तिथे नाव नोंदवल्याशिवाय ऑडिटवर सही करता येत नाही. कोड लिहायला आपल्याकडे असं लायसन्स लागतच नाही, त्यामुळे सीएसआय कोणाला अडवू शकत नाही आणि कोणाला अधिकृत ठरवू पण शकत नाही. इंग्लंडच्या ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीला १९८४ मध्ये रॉयल चार्टर म्हणजे राजसनद मिळाली, ते लोक चार्टर्ड असा दर्जा देतात, आपल्याकडे तसं काही झालं नाही. दुसरी गल्लत नॅसकॉमशी होते. नॅसकॉम १९८८ ची, ती आयटी कंपन्यांची संघटना. सीएसआय माणसांची, आणि वयाने बरीच मोठी, १९६५ ची.

हे १९६५ साल नीट डोळ्यासमोर आणा म्हणजे संस्था का निघाली ते कळेल. देशात कॉम्प्युटर बोटांवर मोजता येतील असे. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च म्हणजे टीआयएफआर या संशोधन संस्थेने टिफ्रॅक नावाचं मशीन स्वतः बनवलं होतं, १९६० मध्ये चालू झालं आणि त्याचं ते नाव नेहरूंनी ठेवलं १९६२ मध्ये, मग १९६४ मध्ये तिथेच अमेरिकेतून आणलेलं सीडीसी ३६०० नावाचं मोठं कॉम्प्युटर बसलं आणि देशभरातल्या संस्था आपापली गणितं घेऊन त्या एका मशीनकडे यायला लागल्या. गावात एकच विहीर असली की ओळखी तिथेच होतात आणि भांडणंही तिथेच, तसं ते होतं. कोणाचा प्रोग्राम कुठे अडला, कोणाकडे कुठलं मॅन्युअल आहे, हे विचारायला गूगल नव्हतं, आणि मशीन विकणारी कंपनी सांगेल तेच खरं मानायचं का हाही प्रश्नच होता. अशा मशीन वापरणाऱ्या मूठभर लोकांच्या ग्रुपमधून सीएसआय उभी राहिली. पहिले अध्यक्ष आर. नरसिंहन, टिफ्रॅक बनवणाऱ्या टीमचे प्रमुख. म्हणजे सुरुवात मशीनवर प्रत्यक्ष हात काळे केलेल्या माणसापासून झाली, मला तरी ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

त्या काळात कॉम्प्युटर हा शब्द काढला की युनियनवाले भडकायचे, आणि त्यांचं पूर्ण चुकत होतं असं मी म्हणणार नाही, नोकऱ्यांची भीती खरीच होती. सरकारने ऑटोमेशनवर समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर, रिपोर्ट आला १९७२ मध्ये. अशा वातावरणात १९७५ च्या सुमाराला टीसीएसचे फकीरचंद कोहली सीएसआयचे अध्यक्ष झाले. त्यांचं त्यावेळचं भाषण अजून लोक सांगतात, की औद्योगिक क्रांती आपल्या हातून गेली त्याला कारणं आपल्या हाताबाहेरची होती, पण ही नवी क्रांती स्वच्छ विचार करण्याची आहे आणि ती ताकद आपल्याकडे भरपूर आहे. आज हे कुठल्याही कॉन्फरन्समध्ये ऐकू येईल, पण तेव्हा आयबीएम ही अमेरिकन कॉम्प्युटर कंपनी अजून देश सोडून गेली नव्हती, सॉफ्टवेअर एक्सपोर्ट नुकतंच कुठे सुरू होत होतं, आणि सरकारी परवानगीशिवाय बाहेरून मशीन आणता येत नव्हतं. तेव्हा हे बोलायला हिंमत लागते बुवा.

बाकी कामं म्हणाल तर शहराशहरांत चॅप्टर म्हणजे स्थानिक शाखा, कॉलेजांत स्टुडंट ब्रँच, वर्षाचं अधिवेशन, सीएसआय कम्युनिकेशन्स नावाचं मासिक, आणि आयएफआयपी या कॉम्प्युटर संस्थांच्या जागतिक संघटनेत भारताची बाजू. हेडऑफिस मुंबईत आहे.

आता माझं मत. इंटरनेट आलं आणि जी माहिती मिळवायला लोक चॅप्टरच्या मीटिंगला जायचे ती घरबसल्या मिळायला लागली, पॉलिसीचं बोलणं नॅसकॉमकडे गेलं, संशोधनवाले एसीएम आणि आयट्रिपलई या कॉम्प्युटर आणि इंजिनियरिंगवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांकडे ओढले गेले. त्यामुळे सीएसआयचा जीव आता ज्या त्या चॅप्टरमध्ये आणि ब्रँचमध्ये आहे. जिथे एखादे प्रोफेसर किंवा जुने इंजिनियर मनापासून धडपडतात तिथे खरंच शिकायला मिळतं, ओळखी होतात, प्रोजेक्टला गाईड मिळतो. जिथे नाही तिथे मेंबरशिप म्हणजे फक्त सर्टिफिकेट, आणि रिझ्युमेत ती एक ओळ वाचायला एचआरला वेळ नसतो.

म्हणून पैसे भरायच्या आधी थर्ड इयरच्या दोन-तीन मुलांना गाठा आणि मागच्या सेमिस्टरला ब्रँचमध्ये बाहेरचं कोण येऊन काय शिकवून गेलं एवढंच विचारा. त्यांना पटकन आठवलं तर घ्या, आणि नुसतं सदस्य होऊ नका, कमिटीत शिरा, कारण पाहुण्यांना फोन करणं, कार्यक्रम उभा करणं यातच खरी ओळख होते. नाही आठवलं तर सरांना विचारा की कम्पल्सरी आहे का, लेखी काही आहे का. बहुतेक नसेल.