सोन्याचा वर्ख आणि मेणबत्ती

चि. विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

पेरू आणि बोलिव्हिया येथील वसाहतकालीन भक्तिचित्रांवरच्या तुझ्या प्रबंधाचा पहिला खर्डा मी दोनदा वाचला. येशूची आई मरिया हिच्या पायाखालची चंद्रकोर निष्कलंकतेची, तिच्या छातीत रुतलेल्या सात तलवारी सात दुःखांच्या, स्वतःच्या रक्तावर पिले पोसणारा पेलिकन पक्षी ख्रिस्ताच्या बलिदानाचा, ही सारी प्रतीके तू बरोबर नोंदवली आहेस. तरीही सगळी पाने वाचून झाल्यावर या चित्रांपुढे माणसे गुडघे टेकून का रडत होती, हे मला समजले नाही. शेवटच्या पानावर तू प्रांजळपणे लिहिले आहेस की ही चित्रे तुला सपाट वाटतात आणि मनाला भिडत नाहीत. त्या कबुलीमुळेच हे पत्र लिहायला बसले, कारण तुझा खरा प्रश्न तिथे आहे आणि तू तो तळटीपेसारखा शेवटी टाकला आहेस.

पहिली गोष्ट म्हणजे, तू ज्यांना पवित्र मरियेची चित्रे म्हणतेस त्यांपैकी बरीचशी खरे तर मरियेच्या मूर्तींची चित्रे आहेत. सतराव्या आणि अठराव्या शतकांत पेरूतील कुस्को शहरातील चित्रकार एखाद्या विशिष्ट चर्चमधली विशिष्ट मूर्ती तिच्या वेदीसकट रंगवत. दोन्ही बाजूंना सारलेले पडदे, खाली चौथरा, फुलदाण्या, जळत्या मेणबत्त्या, आणि मध्यभागी त्रिकोणी, ताठ झग्यातली माता. स्पेनमधून आलेल्या प्रथेच्या या वस्त्रे नेसवायच्या मूर्तींना अनेकदा चेहरा आणि हात एवढेच कोरलेले असत. झग्याच्या आत नुसता लाकडी सांगाडा असे. चित्रकाराला शरीररचनेचे ज्ञान कमी होते असा शेरा तू तिसऱ्या पानावर मारला आहेस, तो कृपा करून काढून टाक. त्याने जे समोर होते ते इमानाने रंगवले आहे. तू वसईत वाढलीस, सणाच्या मिरवणुकीत सजवलेली माता तू लहानपणापासून पाहिली आहेस; आणि ज्याने कधी देवीची अलंकारपूजा पाहिली आहे अशा कोणत्याही मराठी माणसाला हे सांगावे लागत नाही की वस्त्र चढले की अंग दिसेनासे होते, मुखवटा आणि हात उरतात, आणि त्यामुळे कोणाच्याही भक्तीत उणेपणा येत नाही.

आता सोन्याकडे ये. कुस्कोच्या चित्रकारांची खास रीत अशी की रंगकाम पुरे झाल्यावर ते झग्यावर सोन्याच्या वर्खाची वेलबुट्टी काढत, आणि ही वेलबुट्टी कापडाच्या घड्यांबरोबर वळत नसे. घडी असो वा नसो, ती सरळ आपल्या जागी राही. युरोपीय चित्रकलेच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे हा दोष आहे, कारण त्यामुळे खोलीचा आभास मोडतो. पण हा दोष कोणत्या उजेडात दिसतो, याचा तू विचार केलेला नाहीस. घरी एक प्रयोग कर. आजीच्या लुगड्याचा जरीकाठ भिंतीला सपाट लाव, ट्यूबलाइट बंद कर आणि खाली एकच मेणबत्ती ठेव. ज्योत हलली की जर हलते, बाकीचे कापड अंधारात मागे जाते. कुस्कोतील भक्तासमोर चित्र असेच असे: चेहरा स्थिर, आणि त्याच्याभोवती सोने श्वास घेतल्यासारखे कमी-जास्त होणारे. शिवाय चित्रातली रंगवलेली मेणबत्ती आणि चित्रापुढची खरी मेणबत्ती जवळजवळ एका रांगेत येत, म्हणजे पाहणारा माणूस आपल्या घरातूनच त्या दूरच्या वेदीपुढे उभा राहत असे. काही चित्रांवर खाली ओळ लिहिलेली असते की यापुढे प्रार्थना करणाऱ्यास बिशपांनी चाळीस दिवसांची पापदंडमाफी दिली आहे. तू ही अक्षरे 'मजकूर' म्हणून सोडून दिलीस. चित्राने कोणते काम करावे अशी अपेक्षा होती, ते मात्र तिथेच लिहिलेले आहे. संगणकाच्या पडद्यावर, एकसारख्या पांढऱ्या उजेडात टिपलेल्या छायाचित्रात यातले काहीच उरत नाही, आणि तुला चित्रे सपाट वाटली यात तुझा दोष निम्माच आहे.

भावना कुठून येते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कुस्कोच्या कॅथेड्रलमधल्या 'भूकंपांच्या प्रभू'चे आहे. 31 मार्च 1650 रोजी शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा क्रूसावरच्या ख्रिस्ताची एक मूर्ती बाहेर आणली गेली आणि धक्के ओसरले, अशी श्रद्धा रुजली. पुढे मेणबत्त्यांच्या काजळीने मूर्ती काळवंडली. ईस्टरपूर्वीच्या पवित्र आठवड्यातील सोमवारी तिची मिरवणूक निघते आणि लोक तिच्यावर न्युक्चू नावाची लाल फुले उधळतात, ती फुले म्हणजे रक्त. या मूर्तीची जी अनेक चित्रे रंगवली गेली, त्यांत अंग सावळे आहे, कमरेला जाळीदार पांढरे वस्त्र आहे, पायाशी फुले आणि दिवे आहेत. ख्रिस्ताच्या सावळ्या रंगाचा अर्थ प्रतीकांच्या कोशात शोधशील तर फसशील. तो काजळीचा रंग आहे, म्हणजे आधीच्या पिढ्यांनी त्याच्यापुढे जे मागितले त्याचा साठा आहे. ज्याच्या घराची भिंत एकदा पडली आहे त्या माणसाला हे चित्र काय वाटत असेल, हे लिहायला कोश लागत नाही.

आता बोलिव्हियातील पोतोसीच्या चांदीच्या डोंगराविषयी, कारण तुझ्या प्रबंधाचा सर्वांत मोठा भाग त्यावर आहे आणि सर्वांत मोठी घाईही तिथेच आहे. पोतोसीच्या जुन्या टांकसाळीतल्या संग्रहालयात असलेल्या त्या अठराव्या शतकातील अनामिक चित्रात मरियेचा झगा म्हणजेच चांदीचा डोंगर आहे. वर पवित्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिला मुकुट घालत आहे, दोन्ही अंगांना सूर्य आणि चंद्र, खाली पोप आणि स्पेनचा राजा असलेला सम्राट पाचवा चार्ल्स, आणि डोंगराच्या अंगावर वाटा, लामा नावाचे ओझेवाहू प्राणी, माणसे व इंका सम्राट वायना कापाक. तू एका वाक्यात निकाल दिला आहेस की ही वेषांतर केलेली पाचामामा, म्हणजे अँडीजची भूमाता. हे मत मोठ्या अभ्यासकांनी मांडलेले आहे आणि ते टाकाऊ मुळीच नाही. पण ख्रिस्ती परंपरेतही डोंगर मरियेचा होताच. बायबलमधील दानिएलच्या ग्रंथात मानवी हात न लागता डोंगरातून सुटणारा दगड आहे, आणि तो दगड ख्रिस्त व डोंगर त्याची कुमारी माता, असे प्रवचनकार फार पूर्वीपासून सांगत आले होते. सूर्य-चंद्र इंकांचे देव होते, तसेच ते मरियेच्या स्तुतीतही होते. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात, आणि एकाच माणसाच्या मनात, एकाच प्रार्थनेतही नांदू शकतात. 'वेषांतर' हा शब्द वापरलास की एक अर्थ खरा आणि दुसरा खोटा, असा निवाडा तू आपोआप करतेस.

त्याहून मला खटकले ते हे की या भागात भीतीचा उल्लेखच नाही. 1545 साली या डोंगरात चांदी सापडली, आणि 1570 च्या दशकात स्पेनच्या राजाचा प्रतिनिधी, व्हाइसरॉय तोलेदो याने मिता नावाची वेठबिगार घालून दिली, जिच्याखाली दूरदूरच्या प्रांतांतून पुरुषांना पाळीपाळीने या खाणींत उतरवले जाई. ज्या डोंगराच्या पोटात गेलेला नवरा परत येईल की नाही याची खात्री नसे, त्या डोंगराला चित्रकाराने आईचा चेहरा दिला आहे आणि हात पसरलेले दाखवले आहेत. हे सांत्वन आहे, की विनवणी, की सत्तेने खाणीवर पांघरलेले पवित्र वस्त्र? मला वाटते, तिन्ही. खाली गुडघे टेकलेल्यांत पोप आणि सम्राट आहेत, डोंगरावर मुंग्यांएवढी माणसे आहेत. आकारांचा हा फरक तू मोजून मांड.

या प्रदेशातल्या चित्रांमधील बंदूकधारी देवदूतांना एक परिच्छेद पुरे आहे. कुस्कोचा चित्रकार मार्कोस सापाता याच्या येशूच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रातील ताटात ठेवलेल्या गिनीपिगने प्रकरणाची सुरुवात तर मुळीच करू नकोस. प्रत्येक पर्यटक तिथूनच करतो.

त्यापेक्षा एक कंटाळवाणे काम नेटाने कर. कुस्कोचे चित्रकार फ्लेमिश ताम्रमुद्रितांवरून, म्हणजे फ्लँडर्समध्ये तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांवरून, रचना घेत. तिथलाच चित्रकार दिएगो किस्पे तितो याने कॅथेड्रलसाठी 1681 साली केलेली राशिचक्राची मालिकाही तशाच मुद्रितांवर आधारलेली आहे. मुद्रित काळेपांढरे असे. ते चित्राशेजारी ठेव आणि तिथे नसलेले जे जे चित्रात आले त्याची यादी कर: रंग, सोने, पक्षी, फुले, नजरेची दिशा. 1688 च्या सुमारास तिथले स्थानिक चित्रकार स्पॅनिश चित्रकारांशी भांडून चित्रकारांच्या संघातून वेगळे झाले, हेही त्या यादीशेजारी लिही. कोणाचा हात कुठे मोकळा झाला ते तुला दिसू लागेल.

आणि तू विचारलेस की यात आपल्याकडचा धागा कुठे आणावा. ओढूनताणून आणू नकोस. एक धागा मात्र खरा आहे, आणि तो तुझ्याच गावचा आहे. मेक्सिकोतील क्वेर्नावाकाच्या कॅथेड्रलमध्ये, जे पूर्वी फ्रान्सिस्कन मठाचे चर्च होते, विसाव्या शतकातील दुरुस्तीच्या वेळी नंतरच्या थरांखालून भित्तिचित्रे बाहेर आली. त्यांत 1597 साली जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर दिलेल्या 26 ख्रिस्ती हुतात्म्यांची कथा आहे. मेक्सिकोचे फेलिपे दे हेसुस त्यांत होते, आणि वसईचे गोन्सालो गार्सियाही. तिथे सोने नाही, रोखून पाहणारा चेहरा नाही. भिंतीच्या लांबीवर पसरलेली वाट आहे, आणि चर्चमध्ये चालणारा माणूस काही पावले त्या बंदिवानांच्या बरोबरीने चालतो. कुस्कोची माता तुला थांबवते, ही भिंत चालायला लावते. तुलनेसाठी एवढे पान पुरेसे आहे.

दुसरा खर्डा घेऊन येशील तेव्हा पोतोसीचे प्रकरण आधी दाखव. आणि आजीने लुगडे दिले की नाही, तेही सांग.

तुझी,
बाई