३० ते ३४ किमी उंचीवर हवा स्वच्छच असते असं धरून कॅलिप्सो उपग्रहाच्या लायडरचं (लेसर सोडून परत आलेला प्रकाश मोजणारं यंत्र) कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापाची पट्टी जुळवणं, केलं तर रीडिंग कमी का येतं?

कमी येतं कारण त्या उंचीवर, खास करून विषुववृत्ताच्या पट्ट्यात, थोडे एरोसोल (हवेत तरंगणारे बारीक कण) असतातच आणि त्यांच्याकडून परत आलेला प्रकाश आपण हवेच्या रेणूंच्या खात्यात टाकतो. म्हणजे समजा सिग्नल १०५ आला, त्यात रेणूंचा वाटा खरा १००च आहे, पण आपण १०५ म्हणजेच शुद्ध हवा धरून भागाकार केला की कॅलिब्रेशनचा गुणांक ५ टक्क्यांनी फुगतो आणि मग खालचे ढग, धूळ, धूर सगळंच साधारण तेवढं फिकं दिसतं. कॅलिओपच्या (कॅलिप्सोवरचा लायडर, २००६ ते २०२३) डेटाच्या व्हर्जन ४ मध्ये म्हणूनच रात्रीच्या ५३२ नॅनोमीटरच्या (हिरव्या) लेसर प्रकाशासाठी ही खिडकी, म्हणजे कॅलिब्रेशनचा उंचीचा पट्टा, ३६ ते ३९ किमीवर नेली, आणि तिथेही हवा अगदी निर्मळ न धरता स्कॅटरिंग रेशो (एकूण परतलेला प्रकाश भागिले फक्त रेणूंकडून परतलेला) १.०१ घेतला, जे मला जास्त प्रामाणिक वाटतं. पण हे फुकटात नाही होत, तिथे हवा जुन्या खिडकीच्या निम्म्याहूनही विरळ, सिग्नल मरतुकडा, त्यामुळे बऱ्याच कक्षांची सरासरी घ्यावी लागते आणि दक्षिण अटलांटिकवर रेडिएशनमुळे डिटेक्टरमध्ये जे फटाके फुटतात (खोटे सिग्नल येतात) ते आधी गाळावे लागतात. लायडरच्या दुसऱ्या, इन्फ्रारेड १०६४ नॅनोमीटरला मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे रेणूंचा सिग्नल इतका कमी की सिरस ढग (उंचावरचे बर्फाचे पातळ ढग) वापरून ५३२ वरूनच कॅलिब्रेशन उचलतात.